चर्चचे टेकू

उतरतं छप्पर. साहेबांच्या मुलखात बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून. हिंगोलीत बर्फ कधी पडला नाही.

औंढ्याच्या देवळात गाभारा म्हणजे पोटातलं पोट. खिडकी नाही. भिंत पुरुषभर जाड.

बहात्तरचा दुष्काळ. खडीचा ढीग भरला तर सुकडी, सरकारी कोरडं खाणं.

कपाळावरचं ओलं फडकं. ठेवलं की वाळतं.

हे सगळं धुरपताबाईच्या वाट्याला एकदमच आलं. तांडा सोडून ती नवऱ्यासोबत, वसरामसोबत, दुष्काळी कामावर आली होती. निजामाच्या फौजेतल्या गोऱ्यांनी विलायतेतल्या आपल्या गावच्या नमुन्यावर बांधून घेतलेलं चर्च छावणीत ओसाड पडलं होतं. सावली म्हणावी अशी तेवढीच. लहानगी केशर आत तापानं फणफणत होती. आणि मुकादम मुंजाजी म्हणाला, "खदानीचा दगड सरला. आता हेच फोडा."

"अन् माझं लेकरू कुठं ठिवू, मामा? तुमच्या पटक्यात?"

"मला काहून इचारतीस? खडी न्हाई तर सुकडी न्हाई."

धुरपतानं चर्चला फेरी मारली. भिंतींना बाहेरून जागोजाग दगडी टेकू होते, खचलेल्या घराला आपण लाकूड लावतो तसे. भिंत तर ताठ उभी होती.

"हे फोडू," ती म्हणाली. "भिंतीला धक्का न्हाई. छप्पर राहील, ढीगबी भरंल."

"वसराम, तुझी बायको इंजिनेर हाय की रं."

"व्हय. म्हणून तर दोघं खडी फोडून राहिलो."

उडती कपची पोरीला लागू नये म्हणून धुरपतानं तिला पार पूर्वेच्या टोकाला नेलं, पाद्री उभा राहायचा त्या चौथऱ्यामागं. देवाची जागा सगळ्यात भक्कम, औंढ्याच्या गाभाऱ्यासारखी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इथं मात्र त्याच भिंतीत वरपर्यंत काचेची खिडकी होती, दगड नुसता काठाला. छपराचा रेटा बाजूच्या भिंतींना सारखा बाहेर ढकलत होता, आणि तो टेकूंनी छातीवर झेलला होता.

एकेक टेकू ढिगात गेला. सुकडी मिळाली. केशरनं दोन घास खाल्ले.

पूर्वेकडचा शेवटचा टेकू धुरपतानंच घणानं सुटा केला. भिंत वीतभर बाहेर सरकली. तेवढं पुरलं.

मग काचा.

मग छप्पर.

मग धूळ, आणि धुळीत वसरामचा आवाज, "केशर, ए केशर."

धुरपता नखांनी दगड उपसत होती. उपसलेला दगड हात सवयीनं ढिगावर टाकत होता.

त्या सकाळी पोरीचा ताप उतरला होता.