तेल ऐकणाऱ्या विहिणी

तंजावूरच्या मेल वीधी या रस्त्यावर वेंकूबाईंचं तेल प्रसिद्ध होतं, आणि तेलाहून प्रसिद्ध होती ते कढवण्याची त्यांची रीत. बाकीच्या बायका तेल झालं की नाही हे बघायला त्यातल्या वाटलेल्या पाल्याची वात वळत आणि विस्तवावर धरत. वात तडतडली तर तेलात अजून पाणी आहे, मुकाट जळली तर तेल झालं. वेंकूबाईंना हा प्रकार फार हलका वाटे. "वात काय, कोणी पण जाळेल," त्या म्हणत. "तेल बोलत असतं. बोलायचं थांबलं, की उतरवायचं. अमच्या घरात कान पुरतो."

ते खरंही होतं. परसातल्या चुलीवर काशाची रुंद उरळी चढे. तिच्यात तिळाचं आणि नारळाचं तेल, माका, जास्वंद, मेंदीचा पाला, आवळ्याचा काढा, मूठभर मेथी आणि वाळ्याची मुळं. सुरुवातीला तेल भांडल्यासारखं बोले, मग दोन तास कुरकुरे, मग नुसतं कुजबुजे, आणि एका क्षणी गप्प होई. तो क्षण पकडायचा. आधी उतरवलं तर आठवड्यात खवट वास, उशीर झाला तर काळं करकरीत. वेंकूबाईंनी वीस वर्षं तो क्षण चुकवला नव्हता.

अडचण एवढीच होती, की गेली दोन वर्षं तेल त्यांच्याशी बोलायचंच बंद झालं होतं.

आधी त्यांनी तेलालाच दोष दिला. गिरणीच्या तेलात जीव नाही म्हणून घाणेवाला धरला, मग तो बदलला, मग दुसराही बदलला. पुढे एकदा देवळाच्या रस्त्यावर टाउन बस मागून आली ती त्यांच्या पदराला वारा देऊन गेली. हॉर्न वाजवून ड्रायव्हरचा हात दुखला असावा, कारण तो खिडकीतून तोच हात नाचवत होता. त्या दिवशी वेंकूबाईंना कळलं, की घाणेवाल्याचा काही दोष नव्हता.

समोर बसून कोणी बोललं तर त्यांना समजे. माणसं तीच, बोलणं तेच, ओठ बघितले की भागे. मागून बोललेलं मात्र वाऱ्यावर जाई. गंमत अशी, की घरात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, उलट त्यांचा दरारा वाढला. यजमान गुरुमूर्तीराव कलेक्टर कचेरीतून निवृत्त होऊन दिवसभर झोपाळ्यावर पेपर वाचत. ते तिथूनच विचारायचे, "रेडिओ घेऊ या का?" वेंकूबाई पाठमोऱ्या भाजी चिरत राहायच्या. चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीला चार उत्तरं देणारी बायको गप्प राहते म्हणजे तिला ते मुळीच पसंत नाही, असं ते धरून चालत. अशा रीतीनं दोन वर्षांत त्यांनी एक रेडिओ, एक सायकल आणि रामेश्वरची यात्रा एवढं सगळं स्वतःच रद्द केलं होतं.

तेलाचं काय करायचं, तो मार्ग मात्र वेंकूबाईंनी शोधून काढला. तेल कढत असताना सून सीतालक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी निवडत बसे, आणि तेल गप्प होण्याच्या सुमाराला हटकून उठून कॉफी आणी. वेंकूबाईंनी दोन-तीनदा पदराआड वात जाळून ताडून पाहिलं. कॉफी आली की वात मुकाट जळे. पोरगी साधी, तिला बिचारीला काय माहीत. कडकड थांबली की हिला कॉफी आठवते, देवानं दिलेली सवय, असं म्हणून त्यांनी तिचा उपयोग करून घेतला. पितळेच्या टंबलरात कॉफी दिसली, की त्या मान तिरकी करून ऐकल्यासारखं करत आणि म्हणत, "झालं. धर उरळी."

हे सोंग कशासाठी, तर लोखंडी पळीसाठी. ती पळी आधी त्यांच्या सासूबाई शेषम्मांच्या हातात असे. शेषम्मांची नजर गेली तेव्हा वेंकूबाईंनीच एके दिवशी ती त्यांच्या हातातून काढून घेतली होती. "तुमी आत बसा आता," असं म्हणून, आणि तेही चांगल्या मनानं. शेषम्मा आत बसल्या आणि सहा वर्षं चिंचेतले चिंचोके काढत राहिल्या. त्यांना वेळेवर जेवण मिळालं, धुतलेलं लुगडं मिळालं. फक्त कोणी त्यांना काही विचारेनासं झालं. वेंकूबाईंना आता त्या चिंचोक्यांची भीती वाटायची.

अशात नात भामाचं लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, आणि त्याची आजी गंगाबाई म्हणजे त्या गावातली तेलाची पंडित. वधूवरांच्या अभ्यंगाचं तेल मुलीकडच्या वडील सुवासिनीनं कढवायचं, हा दोन्ही घरांचा रिवाज. गंगाबाईंनी निरोप धाडला, की मी आठवडाभर आधी येते, विहीणबाईंच्या शेजारी बसून त्यांचा हात बघते. वेंकूबाई म्हणाल्या, या की. सीतालक्ष्मी दारात असली, की त्यांना कोणाची भीती नव्हती.

तेलाच्या दिवशी सकाळी सीतालक्ष्मीला कावळा शिवला.

म्हणजे तीन दिवस ती परसाच्या पार टोकाला, गोठ्याशेजारच्या पडवीत, चटई, पितळी ताट आणि लोटा घेऊन. चुलीकडे यायचं नाही, कॉफीला हात लावायचा नाही. भामा बांगड्या भरायला गेलेली. पाला वाटून तयार, काढा तयार, विहीण पाटावर बसून तयार. वेंकूबाईंनी मनातल्या मनात कुलदेवाला नारळ बोलला आणि चूल पेटवली.

गंगाबाई बुटक्या, गोल, नाकात हिऱ्याची चमकी आणि कनवटीला चांदीची तपकिरीची डबी. "मी पण कानानंच उतरवते हो," बसल्या बसल्या त्या म्हणाल्या. "वातबीत अमच्याकडे पण नाही." वेंकूबाईंना आधी घाम फुटला, मग हायसं वाटलं. सीतालक्ष्मी नसली म्हणून काय झालं, ही बाई तर आहे. तेल गप्प झालं की हिचा चेहरा काहीतरी बोलेलच. त्यांनी पाट जरा फिरवून घेतला आणि विहिणीच्या तोंडाकडे बघत ढवळू लागल्या. गंगाबाईही त्यांच्याकडेच बघत होत्या. किती लक्ष देऊन शिकते आहे, असं वाटून वेंकूबाईंना तिचं कौतुकही वाटलं.

एक तास गेला, दोन गेले. दोघींनी तपकीर ओढली, पुन्हा ओढली. त्यामुळे वासाचा प्रश्नच मिटला. चुलीच्या धुरानं डोळ्यांत पाणी, त्यामुळे फेस नीट दिसेना. वेंकूबाई हसल्या की गंगाबाई हसायच्या. गंगाबाईंनी मान हलवली की वेंकूबाई हलवायच्या. विहिणी-विहिणींचं इतकं गूळपीठ तंजावुरात पूर्वी कोणी पाहिलं नसेल.

तेवढ्यात शेवग्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले. वेंकूबाईंनी वर बघितलं. ससाणा वगैरे आला असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग वासरू दाव्याला हिसके देऊ लागलं. मग शेजारची कामाक्षी धुण्याच्या दगडावर चढली असावी, कारण तिचं डोकं भिंतीवर उगवलं आणि तिचं तोंड भराभरा हलू लागलं. वेंकूबाईंनी तिला हातानं 'मग बोलू' असं केलं. गंगाबाईंनीही तिला नमस्कार केला.

"शेजारीण प्रेमळ आहे," गंगाबाई म्हणाल्या.

"बोलते फार," वेंकूबाई म्हणाल्या.

मग परसदारात गुरुमूर्तीराव पेपरासकट उभे राहिले. चष्मा कपाळावर, तोंड हलतंय, बोट गोठ्याकडे. कॉफी मागत असतील असं समजून वेंकूबाईंनी डोळे वटारले. गुरुमूर्तीरावांना त्या डोळ्यांची सवय होती. ते परत झोपाळ्यावर गेले.

आणि मग आकाशातून एक लिंबू आलं. ते दोघींच्या मध्ये पडलं, उडालं आणि गडगडत गंगाबाईंच्या अंगठ्याशी जाऊन थांबलं.

दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं. पडवीच्या कडेला, जिथवर तिला यायची मुभा होती तिथवर येऊन, सीतालक्ष्मी उभी होती. केस सुटलेले, एका हातात पितळी ताट, लोटा पायाशी झाडाखालच्या लिंबांत पडलेला. ताटाला मधोमध वाटीएवढा पोचा. तिनं दुसरं लिंबू घ्यायला हात खाली नेला होता, तो तिथेच थांबला. ती इतकी दमली होती, की तिला हसावं की रडावं ते समजत नव्हतं.

वेंकूबाईंनी पोचा बघितला आणि कावळे, वासरू, कामाक्षी, यजमान हे सगळे त्यांच्या मनात ओळीनं येऊन उभे राहिले. संपलं, त्यांना वाटलं. उद्यापासून चिंचोके. विहिणीच्या देखत झालं, म्हणजे कुंभकोणमपर्यंत चिंचोके. पण गंगाबाईही त्या पोच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचा गोल चेहरा हळूहळू लांब होत चालला होता.

वेंकूबाईंनी विहिणीच्या तोंडासमोर तोंड नेलं. "किती वर्षं जाली?"

"चार," गंगाबाई म्हणाल्या. "तुमची?"

"दोन."

"मग नव्या आहांत अजून."

दोघींनी मिळून उरळी उतरवली. मग वेंकूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा उघडपणे, तेही विहिणीच्या देखत, पाल्याची वात वळायला घेतली. पाला वळेचना, बोटांत वाळूसारखा कुरकुरीत झाला होता. विस्तवावर टाकला तर हूं का चूं न करता जळून गेला. तेल करवंदाच्या रंगाचं.

"खरपाक, जास्त कढलं," तेल निवल्यावर गंगाबाई बोट बुडवून म्हणाल्या. "डोक्याला नको. गुडघ्यांना उत्तम." आणि इकडेतिकडे बघून त्यांनी लुगडं वर घेतलं. वेंकूबाईंनीही घेतलं. दोघी चुलीपुढे बसून गुडघे चोळू लागल्या.

"तुमाला तिकडे कसं कळतं?" वेंकूबाईंनी विचारलं.

"धाकटी सून अंगण झाडत असते. तेल गप्प जालं की ती झाडायची थांबते. मी बघत असते. तिला काय ठाऊक नाही, साधी आहे."

"अमची पण साधी," वेंकूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी कामाक्षी भिंतीवर पुन्हा उगवली. आता जवळ येऊन, ओठ मोठे करून तिनं विचारलं, "गेली का हो माकडं? सून म्हणाली, माकडं हाकलत होते म्हणून. केवढा तो आवाज, अख्खी वीधी गोळा झाली." झोपाळ्यावर गुरुमूर्तीरावही माकडांबद्दलच बोलत होते. नगरपालिकेला पत्र लिहायचं त्यांच्या मनात होतं. वेंकूबाई हो हो म्हणाल्या. पण रात्री अंथरुणावर त्या हिशोब करत राहिल्या. साध्या पोरीला माकडं सुचत नाहीत.

चौथ्या दिवशी सीतालक्ष्मी न्हाऊन घरात आली. लग्नाला तीन दिवस होते आणि तेल पुन्हा करायचं होतं. पाला खुडताना वेंकूबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला केव्हापासून ठाऊक?"

सीतालक्ष्मीनं माक्याची जुडी खाली ठेवली. "दोन वर्षं जाली, आत्याबाई. दुसरा घाणेवाला बदललात तेव्हा."

"आणि कॉफी?"

"मला दिवसातून एकदाच लागते कॉफी. ती सकाळी."

वेंकूबाईंनी जास्वंदीचं एक फूल खुडलं. "मग पळी का नाही काढून घेटलीस? मी असते तर घेटली असती."

"घेटलीच होती की तुमी," सीतालक्ष्मी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तो वेंकूबाईंपर्यंत पोचत नव्हता, त्यांना फक्त तिचे ओठ दिसत होते. "मी नवी आले होते घरात. पाटीआजी चिंच सोलायच्या आणि तेल कढायचा वास आला की मान वर करायच्या. मला वाटायचं, आता कोणीतरी त्यांना विचारेल. सहा वर्षं कोणी विचारलं नाही. मी पण नाही."

वेंकूबाईंच्या डोळ्यांत आलेलं पाणी या खेपेस धुराचं नव्हतं, कारण चूल अजून पेटायची होती. त्यांना शेषम्मांची आठवण आली आणि स्वतःची लाज वाटली, अगदी उघड लाज, आणि ती लपवायचंही त्यांना सुचलं नाही. त्या आत गेल्या, खुंटीवरची पळी काढून आणली आणि सीतालक्ष्मीच्या हातात दिली.

उरळी चढली. सीतालक्ष्मी ढवळायला बसली, दोन्ही विहिणी पाटांवर. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती, म्हणून वेंकूबाईंना हात कुठे ठेवायचे तेच समजेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले. पुढ्यात चिंच असती तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. दोन तासांनी सीतालक्ष्मीचा हात थांबला. तिनं मान तिरकी केली, हुबेहूब सासूसारखी, आणि उरळी खाली घेतली.

मग तिनं पळीभर तेल वर काढलं, फुंकून गार केलं, उठून सासूसमोर आली आणि तोंड समोर धरून, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "बगा हो आत्याबाई, कसं जालंय?"

वेंकूबाईंनी बोट बुडवलं. दोन बोटांत तेल चोळलं, मनगटाला लावलं, उन्हात धरून पाहिलं. घाई केली नाही. गंगाबाई, भामा, दारात पेपर घेऊन उभे असलेले गुरुमूर्तीराव, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मेथी कमी पडलीय," वेंकूबाई म्हणाल्या. मेथी त्यांनी स्वतःच घातली होती.