ओट्यावरचा पिरॅमिड

मित्रांनो, मी एक जुना पिरॅमिड आहे. वाळवंटातला नव्हे हं, स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा. तांब्याच्या आठ सळ्या आणि डाग देऊन जोडलेले कोपरे, एवढाच माझा पसारा.

मला वाद्यवाल्या काकांनी घडवलं. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. मग कान मंद झाले आणि दुकान बंद करावं लागलं. घरी बसून ते पिरॅमिडांवरची पुस्तकं वाचू लागले. ती राजांची थडगी नव्हेतच, दगडाची प्रचंड वाद्यं आहेत, त्यांच्या पोकळीत कंप साठतात आणि तिथे काही नासत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. वाद्यं जुळवताना वापरायचा स्वरकाटा छेडून ते माझ्या सळीला टेकवायचे. मी गुणगुणायचो आणि त्यांच्या बोटांना ते कळायचं. त्यांना वाटायचं, मी हो म्हणतोय.

एकदा त्यांनी दुधाची एक वाटी माझ्या पोटात ठेवली, एक बाहेर. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना काकूंनी चुकून माझ्यातलं दूध चहात ओतलं. चहा फाटला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बोलणी बसतील म्हणून त्यांनी गपचूप ताजं दूध भरून ठेवलं.

काकांनी पाहिलं तर बाहेरचं नासलेलं, माझ्यातलं जसंच्या तसं. दुकान सुटल्यापासून ते पहिल्यांदा खळखळून हसले. ते हसू टिकावं म्हणून काकू रोज दूध बदलू लागल्या. शेजारीपाजारी मला बघायला येत. माझं कौतुक होई आणि मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई. काकूही मला पुसताना मान वर करत नसत.

मग एका सकाळी काकांनी रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. दूध टिकतं तर माणूस का नाही टिकणार, म्हणाले. काकूंचं तोंड पांढरं पडलं. त्या दिवशी त्यांनी दूध बदललं नाही. दुसऱ्या दिवशी नासलेली वाटी त्यांनी काकांपुढे ठेवली.

"रोज मी बदलत होते," त्या त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या.

काकांनी वाटी नाकाशी नेऊन हुंगली. "मग बाहेरची का नाही बदललीस?"

"दोन्ही बदलल्या असत्या तर तुम्ही हसला असतात का?"

काकांनी हात पुढे केला. डब्यातून काढून जपून ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट काकूंनी पदराआडून बाहेर काढलं.

"पाण्याबरोबर देऊ की दुधाबरोबर?"

"ताजं आहे का, ते आधी सांग."

आता मी गच्चीत असतो. माझ्यावर वेल चढलाय. काका अजून स्वरकाटा टेकवतात, पण आता काकूंचं बोट धरून सळीवर ठेवतात. तो कंप खरा आहे, मित्रांनो. माझे दगडी थोरले भाऊ कशासाठी उभे आहेत, ते मला ठाऊक नाही. एवढंच सांगतो, माझं गुणगुणणं म्हणजे होकार समजू नका. आणि तुमच्या हसण्यासाठी घरात कुणी गुपचूप दूध बदलत असेल, तर गोळ्या फेकण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.