एक चीर, बासष्ट पायऱ्या

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. आणि सुरुवातीलाच कबूल करतो, मी घाबरट आहे. शूर वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. तलवार झाली, तोफ झाली, किल्ल्याचा दरवाजा झाला. एखादं घाबरटाचंही असू द्या.

लांज्याकडच्या एका फणसापासून मी झालो. सुताराने तीन फळ्या सांधल्या, घासल्या, काळा रंग दिला आणि जयगडच्या खाडीजवळच्या एका हायस्कुलात माझी रवानगी झाली. शाळा टेकाडावर. खालच्या रस्त्यावरून वर यायला जांभ्या दगडाची पाखाडी, बासष्ट पायऱ्यांची. चार गड्यांनी मला डोक्यावरून वर आणलं आणि प्रत्येक पायरीला मला वाटलं, आता पडलो. म्हणून तो आकडा इतका पक्का लक्षात आहे.

सव्वीस वर्षं मी नववीच्या वर्गात होतो. माझ्या उजव्या कोपऱ्यात रोज लिहीत, पट किती, हजर किती. बाकीचं गणित-भूगोल संध्याकाळी पुसलं जाई, हा कोपरा मात्र माझ्या अंगात मुरला. माणसं जमली की मी आपला मनातल्या मनात पट मांडतो. अंगाने किती आलेत आणि खरोखर हजर किती? दोन आकडे जुळले असं फार क्वचित झालं. शेवटच्या तासाला पट चाळीस, अंगाने चाळीस, खरोखर हजर सहा. त्यातही एक खुद्द मास्तर.

मग भिंतीवर विजेवर चालणारा चकचकीत फळा आला. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, त्यामुळे त्याचा मान फार. मला मुतारीच्या मागे टेकवून ठेवलं. तिथे पावसात मला वाळवीची भीती आणि फाल्गुनात शिमग्याची. होमासाठी पोरं लाकडं पळवतात हे मला चांगलं ठाऊक होतं. ते बेत सव्वीस वर्षं माझ्याच पुढ्यात शिजले होते.

तिथून मला हुसेन सरांनी काढलं. सर खालच्या मोहल्ल्यातले. अकरा वर्षं मस्कतच्या एका क्लबात खेळाडूंचे घोटे बांधणं, खांदे सावरणं, दुखापतीनंतर त्यांना हळूहळू पुन्हा पळतं करणं हे काम करून गावी परतलेले आणि आमच्या शाळेत खेळाचे मास्तर झालेले. त्यांनी मला बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड खणखणीत आहे. करवत आणा."

मित्रांनो, करवतीचं मी जास्त सांगत नाही. माझा एक अर्धा पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांखाली गेला. उरला तो मी, माणूसभर लांब, दीड हात रुंद. कडेने हात घालायला भोकं पाडली, पट्टे बांधायला खाचा केल्या. जखमी खेळाडूला न हलवता न्यायची फळी झालो. ज्याने आयुष्यभर नुसतं सांगितलं, त्याच्यावर आता पोरं झोपायला लागली.

दर शनिवारी नववीच्या बारा मुलांचा तास असे. खेळताना कोणाला काय होतं आणि आपण काय करायचं, काय करायचं नाही. बाकीची पोरं त्याला 'पट्टीचा तास' म्हणून हिणवत. कबड्डीच्या संघातली वेदिका तर जाता जाता ओरडायची, "काय गो जन्नत, आज कोणाचं मुंडकं बांधलंत?"

जन्नत खाली मान घालून पट्टी गुंडाळत राही. बुटकी, चष्मेवाली पोर. तिचा बाप बोटीवर. पण गाठ मारावी तर तिनेच. मुरगळलेल्या घोट्याला चोळायचं नाही, बर्फ लावायचा, पट्टी गुंडाळायची, पाय उंच ठेवायचा. बर्फ यायचा बंदरावरून, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीतून, त्यामुळे आमच्या शाळेतला प्रत्येक मुरगळलेला पाय दोन दिवस बांगड्याचा वास मारी. डोकं आपटलेल्याला आज वार कोणता, समोरचा संघ कुठला असं विचारायचं. त्या बारांतल्या ऋत्विकला हे प्रश्न सरावात विचारले तेव्हा तो ठणठणीत होता, तरी त्याला वार सांगता आला नाही.

सरांचा एक नियम मात्र चेष्टेच्या पलीकडचा होता. "मानेला मार असेल तर एकाने दोन्ही हातांनी डोकं धरायचं. एकदा धरलं की सोडायचं नाही. आणि जो डोकं धरेल, हुकूम त्याचा. हेडमास्तर आले तरी त्याचाच."

आता माझी चीर. ती मी कधीच कोणाला सांगितलेली नाही, कारण मला सांगता येत नाही.

गणपतीच्या सुट्टीत गवत ओलं होतं. ऋत्विकने मला कोठीतून काढलं, पाखाडीशेजारच्या उतारावर ठेवलं आणि माझ्यावर बसून खाली घसरला. तीन वेळा मजा आली, त्याला. चौथ्या वेळी मी जांभ्याच्या चिऱ्यावर आदळलो. डोक्याकडच्या उजव्या भोकापासून आत वीतभर चीर गेली. ऋत्विक पांढरा पडला. त्याने चिरेत मेण भरलं, वरून बूटपॉलिश चोळलं आणि मला जागेवर ठेवून दिलं. दिसायला मी पहिल्यासारखाच. पण त्यानंतर दर शनिवारी तो कोपरा तोच धरी आणि अगदी हळू उचली. सर कौतुकाने म्हणत, "बघा, ऋत्विक किती जपून उचलतो!"

मी रोज घाबरायचो. सरावात मुलं मला वीतभरच उचलत. कोणी खरंच पडलं, खरंच लांब न्यायचं झालं, तर?

डिसेंबरात तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा आमच्या मैदानावर आल्या. माणसं चारशेच्या वर. मी मैदानाच्या कडेला आंब्याला टेकून. सर बर्फ आणायला बंदरावर गेले होते, तेवढ्यात वेदिका चढाईला गेली. परतताना मध्यरेषेला पोचण्याआधीच तिचा पाय धरला गेला, ती पुढे झेपावली, डोक्यावर आली आणि तिची मान विचित्र मुडपली. रेषेला हात लागला होता. पण ती उठली नाही.

चारशे माणसं उभी राहिली. मी पट मांडला. ओरडायला चारशे. मैदानात धावली बारा.

जन्नत सगळ्यांत आधी पोचली. गुडघ्यांवर बसली, कोपरं मातीत टेकवली, वेदिकाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. "वेदिका, मान हलवू नको. हो-नाही तोंडाने सांग."

"गुण मिळाला का?" वेदिकाने विचारलं.

"मिळाला. गप पड."

"जन्नत, हाताला मुंग्या येतायत गो."

हे ऐकून मला वाटलं, माझ्या चिरेतलं मेण वितळतंय.

गर्दी सारत वेदिकाचे काका आले. गंगाराम. आवाज मोठा, अंग त्याहून मोठं. "बघताय काय मेल्यांनो! उचला तिला, सावलीत बसवा. पाणी आणा!"

"काका, हात लावू नका," जन्नत म्हणाली.

"तू कोण गो मला सांगणारी? माझी पुतणी हाय ती!"

"तुमची पुतणी आहे म्हणूनच सांगते. हलवलंत तर पुन्हा चालायची नाही कदाचित." तिचे तळवे तसूभरही हलले नाहीत.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, उसण भरली असेल, सोनूबाईला बोलवा. सोनूबाई पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाय लावला की उसण उतरते हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. ती कडेलाच भजी तळत होती. हात पदराला पुशीत आली. जन्नतकडे बघितलं, वेदिकाकडे बघितलं.

"पाय लाव गो सोनू," गंगाराम म्हणाला.

"पाठीत उसण भरली तर लावीन. तुला तर लाथच घालीन, हौसेने," सोनूबाई म्हणाली. "पण मानेवर पाय? नाय बा. ज्या पोरीने डोका धरलाय तिला विचार." आणि तिने पदर सोडून वेदिकाच्या तोंडावर सावली धरली.

सर आले तेव्हा पेटी टाकून धावतच आले. सगळ्यांना वाटलं, आता डोकं ते घेतील. त्यांनी वेदिकाची बोटं दाबून पाहिली, पायाला चिमटा घेतला, तिला कळतंय ना ते विचारलं. मग जन्नतसमोर बसले. "हात बदलायचे नाहीत. अँब्युलन्स निघाली आहे. पाऊण तास धरशील?"

"धरीन."

"हुकूम तुझा."

पाऊण तास, मित्रांनो. तुम्ही पाऊण तास एखादं पुस्तक सरळ धरून दाखवा. तिच्या चष्म्यावरून घाम ओघळत होता, मातीतल्या खऱ्या मुंग्या तिच्या कोपरावर चढत होत्या. कोणीतरी त्या फुंकून उडवल्या.

अँब्युलन्स आली, पण रस्त्यापर्यंतच. डॉक्टरीणबाई मानेचा पट्टा घेऊन पाखाडी चढून वर आल्या. पट्टा बांधला, तरी म्हणाल्या, "डोकं धरूनच ठेव. आमची फळी सकाळच्या पेशंटबरोबर गेली ती परत आलेली नाही. चाकांचं स्ट्रेचर या पायऱ्यांवरून जायचं नाही. तुमच्याकडे काही आहे?"

बारा मुलांनी माझ्याकडे बघितलं.

मला तो क्षण अजून आठवतो. बासष्ट पायऱ्या. वर वेदिका. आत माझी चीर. ती चीर मला ठाऊक होती आणि आणखी एकाला. मी लाकूड, लाकडाला ओरडता येत नाही. मुलांनी मला आणून वेदिकाशेजारी ठेवलं. ऋत्विक आपल्या कोपऱ्यावर बसला. त्याचे तळहात इतके घामेजले होते की माझं बूटपॉलिश त्याच्या बोटांना लागलं. त्याने ती काळी बोटं बघितली.

"तीनवर वळवायचं," जन्नत म्हणाली. "एक..."

"थांब," ऋत्विक म्हणाला.

"आता काय?"

"हा कोपरा फुटलाय." त्याने चिरेवर बोट ठेवलं. "गणपतीत मी घसरगुंडी केली. मेण भरलंय आत. सर, मी... मी सांगितलं नाही."

गंगारामने हात उगारला. सरांनी तो हवेतच धरला.

"नंतर," सर म्हणाले. एवढंच. मग मला उलटं केलं, नखाने मेण काढलं, चीर बघितली. "मोडलेल्या हाडाला आपण काय करतो?"

राही म्हणून एक पोर होती तिने हळूच म्हटलं, "काठी बांधतो."

"मग बघता काय?"

स्काउटच्या दोन काठ्या आल्या. माझ्या पाठीशी लांबीने टेकवल्या. सहा त्रिकोणी पट्ट्या. मोडीच्या वर गाठ, मोडीच्या खाली गाठ, बरोबर मोडीवर गाठ नको. शनिवारी ऐकलेलं सगळं त्यांनी माझ्यावर केलं. ऋत्विक रडत होता आणि गाठी मारत होता. गाठी मात्र पक्क्या होत्या. जन्मभर मी शिकवण्याच्या कामी आलो, पण त्या वर्गाचा मोडीचा पहिला खरा पेशंट मीच.

"गंगारामभाऊ," सर म्हणाले, "इथे सगळ्यांत वजनदार कोण?"

"मी. का?"

"झोपा."

गंगाराम माझ्यावर झोपला. मी डोळे मिटले असते, असते तर. सहा जणांनी उचललं, कंबरेपर्यंत नेलं, दोनदा झुलवलं. मी करकरलो. तुटलो नाही. आकाशाकडे तोंड करून पडलेला गंगाराम अचानक लहान दिसायला लागला. खाली उतरल्यावर तो जन्नतला म्हणाला, "बाय, आता तू सांगशील तसा."

"एक, दोन, तीन."

वेदिका माझ्यावर आली. पट्टे बांधले. जन्नत वाकून, डोकं धरून, एकेक पायरी उलटी उतरत होती. तिच्या कमरेला मागून सरांनी धरलं होतं. फुटक्या कोपऱ्याला एका हाताने ऋत्विक आणि खालून खांदा लावून गंगाराम. मी मोजत होतो. अकरा. बावीस. एकेचाळिसाव्या पायरीला माझ्या आत कट् झालं. सगळ्यांनी ऐकलं.

"थांबू नका," जन्नत म्हणाली. "हळू. चला."

गंगारामचा खांदा वर आला. माझा सगळा भार त्याने घेतला. बेचाळीस. पन्नास. बासष्ट.

रत्नागिरीला फोटो काढला तेव्हा कळलं की वेदिकाच्या मानेच्या मणक्यालाही चीर होती. बारीक, जागेवरची, न सरकलेली. डॉक्टर म्हणाले, बसवली असती तर सरकली असती. तिला बारा आठवडे पट्टा. हाताच्या मुंग्या तिसऱ्या दिवशी गेल्या.

शनिवारी सरांनी ऋत्विकला काय शिक्षा दिली असेल? दर तासापूर्वी मला उन्हात नेऊन, दोन्ही बाजूंनी हात फिरवून, सहा जणांना एकेक करून झोपवून तपासायचं आणि मोठ्याने सांगायचं, "फळी ठीक आहे" किंवा "फळी ठीक नाही." माझी चीर सुताराने लोखंडी पट्टी मारून बसवली. काठ्या मात्र मुलांनी काढू दिल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडून एकच मागणं आहे. आम्हा वस्तूंना तोंड नाही. फुटलो तर फुटलो म्हणता येत नाही. तुमच्या हातून काही मोडलं तर मेण भरू नका, येऊन सांगा. मार बसेल. बसू दे. आणि जी वस्तू कोणाच्या तरी वाईट दिवसासाठी कोपऱ्यात ठेवलेली आहे, तिच्यावर चांगल्या दिवशी एकदा हात फिरवत जा.

मी अजूनही घाबरतो. पण परवा मानेला पट्टा बांधलेली वेदिका आली, मान न वळवता अख्खी वळून जन्नतशेजारी बसली आणि म्हणाली, "आज कोणाचं मुंडकं बांधायचंय?" सवयीने मी पट मांडला. बारा होता, आता तेरा.

हजर, तेरा.