थोरल्या धाकटीची पिन

मित्रांनो, आकाराने मी हरभऱ्याएवढी, वयाने तुमच्या आजीएवढी. सोन्याची एक जुनी पिन. ओहायोतल्या एका कॉलेजच्या भगिनीमंडळाची मी खूण. सोनाराने माझ्यावर सात बारीक मोती बसवले होते. त्यातला एक नाचाच्या गडबडीत हरवला, तो आजतागायत सापडलेला नाही.

मंडळात नवी मुलगी आली की जुन्यांपैकी एकजण तिची थोरली बहीण होते आणि आपली पिन धाकटीला लावते, अशी आमची रीत. मी अशीच एकीकडून दुसरीकडे जात राहिले, कौतुक करून घेत राहिले. पुढे चकचकीत नव्या पिना आल्या आणि मी अकरा वर्षं टाचण्यांच्या डबीत पडून राहिले. स्वभाव माझा मानी, फार लागलं मनाला. शेवटी ब्रिजेट नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीने मला दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून वापरात आणलं.

त्याच वर्षी कॉरीन मंडळात प्रवेश मागायला आली. बाकीच्या नव्या मुली अठरा वर्षांच्या, ही एकवीस. पहिली दोन वर्षं गावाकडच्या लहान कॉलेजात काढून थेट तिसऱ्या वर्षाला आलेली.

"खरं सांगू?" ती ब्रिजेटला म्हणाली, "दोन महिने मी एकटी जेवतेय. कुणी बघू नये म्हणून फोनवर बोलायचं नाटक करते."

मुलींची बैठक बसली तेव्हा टेसाने नाक मुरडलं. "दोन वर्षांत ही पसार होईल! आणि हिची थोरली कोण होणार? आपण तिला ताई म्हणायचं की तिने आपल्याला?"

सगळ्या हसल्या. ब्रिजेटचे कान लाल झाले.

"मी होईन थोरली. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा फूटभर उंच आहे, म्हणून तो काय माझा दादा झाला?"

दोन मतं जास्त पडली आणि कॉरीन मंडळात आली.

समारंभाला मंडळाच्या जुन्या सभासद मिसेस लुंडग्रेन थोरल्यांकडून गोळा केलेल्या पिना एकेकीला द्यायला उभ्या होत्या. त्यांनी या दोघींकडे पाहिलं आणि मला सरळ कॉरीनच्या हातात दिलं. "घे बाळ, लाव तुझ्या धाकटीला."

कॉरीनने मला क्षणभर मुठीत घट्ट धरलं. आपण इथल्या नाहीच, असंच तिला वाटलं असणार. मला टेबलावर ठेवून ती दाराकडे वळली.

ब्रिजेटने तिचं मनगट धरलं. "कुठे निघालीस? थोरलीला न विचारता?"

तिने घाईघाईत मला उचलून लावलं आणि माझं टोक कॉरीनला टोचलं.

"आई गं!"

"कधीपासून रडू आवरतेयस. आता निमित्त मिळालं, रड."

कॉरीन रडली, मग हसायलाच लागली. जेवायला बसताना टेसानेच तिला हाक मारली. "ए ताई, इकडे ये. माझ्या शेजारी."

मित्रांनो, कुणाकडे मी तीन-तीन वर्षं राहिले, कॉरीनकडे जेमतेम दीड. तिच्यानंतर मी एका नव्या मुलीकडे गेले. पण मला देण्याआधी पुन्हा एकदा छातीशी धरलं ते एकट्या कॉरीननेच. म्हणून एवढंच मागते. तुमच्यात कुणी उशिरा आलं, तर आधी सरकून त्याला जागा द्या. त्याचं वय मागाहून विचारा.