उजव्या हाताचा प्याला

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा. पिंपळीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्याआधी सगळे उठून एकमेकांना सलाम करतात. मनात अढी असली तर भाकरीला हात लावायचा नाही. त्या रविवारी सगळ्यांचे सलाम झाले आणि म्हस्कू तेवढा भिंतीशी तसाच उभा राहिला.

पाण्याच्या पाळीवरून ह्याच म्हस्कूनं खोऱ्याच्या दांड्यानं माझ्या नवऱ्याचा, महिपतींचा, उजवा हात मोडला होता. तो अजून कोपरात वाकत नाही. डाव्या हातानं प्याला घेणं महिपतींना पटत नाही, म्हणून मी बायकांच्या बाजूनं उठून तो त्यांच्या ओठांना लावते. पुढे म्हस्कूनं बाप्तिस्मा घेतला, आणि पाळकसाहेब आमच्याबरोबर त्यालाही ‘पवित्र जनहो’ म्हणू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कसला डोंबलाचा पवित्र!

“मी भाकर घेणार न्हाय,” म्हस्कू म्हणाला. “परवा बांधावर महिपतरावांवर पुन्हा खोरं उगारलं. उद्या इंदापूरला भनीकडं चाललोय. हितं परत तोंड दाखवायचो न्हाय.”

महिपतींनी घरात याचा चकार शब्द काढला नव्हता. जाऊ दे मेला, कायमचा जाऊ दे, एवढंच मनात होतं.

“म्हस्कूभाऊ, ही भाकर म्हणजे बक्षीस नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “देवानं आपल्याला आधीच स्वतःचं म्हटलंय. तसं वागायला जन्मभर शिकायचं.”

“शिकलो कुठं?” म्हस्कू दाराकडे वळला.

महिपती उठले. आता हे काय करतात, या भीतीनं मीही उठले.

“उगारलंस. म्होरं काय केलंस ते सांग की.”

म्हस्कूनं दाराला हात घातला, तसे महिपतीच पुढे म्हणाले,

“कालव्यात फेकलंस. मागल्या खेपंला माझ्या हातावर घातलं हुतंस.”

म्हस्कू दारातून मागे आला. भाकर फिरली, त्यानंही घेतली. प्याला आला, तशी मी पुढे झाले.

“अगं, आज ऱ्हाऊ दे,” महिपती म्हणाले. “म्हस्कू, तू धर.”

त्यानं प्याला इतका तिरका धरला, की द्राक्षरस महिपतींच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. मी पदरानं सदरा पुसला. माझा राग गेला नव्हता. खोटं कशाला बोलू? पण म्हस्कूला सलाम करायचा माझाही राहिला होता.

“सलाम, भाऊजी,” मी म्हणाले. “इंदापूरचं ऱ्हाऊ द्या. उद्या तुमची पाण्याची पाळी हाय, आन् खोरं तर कालव्यात. आमचं न्या.”