तातेरावांच्या विहिरीचा दोर

मित्रांनो, चांगुणाबाईंच्या घरात दारामागच्या खुंटीला वेटोळे करून टांगलेला मी एक जुना दोर आहे. मला बोलता येत नाही, याचे दुःख आयुष्यात एकदाच झाले. ते अजून सरलेले नाही.

अंबाडीच्या वाखापासून मला चांगुणाबाईंच्या पतीने, तातेरावांनी, स्वतः वळले. छप्पन साली ते बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी वस्तीजवळ विहीर खोदली. त्याआधी वस्तीतल्या कोणालाही गावच्या विहिरीत दोर सोडता येत नसे. कोणी वरून ओतले तर खाली घागर धरायची. म्हणून मी प्रथम पाण्याला टेकलो त्या सकाळी सारी वस्ती जमली आणि प्रत्येकाने मला एकेकदा ओढून पाहिले. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही. विहिरीला रहाट नव्हता. तातेरावांनी काठावर चुन्यात बसवलेल्या दगडावरून मी वर्षानुवर्षे सरकत राहिलो. त्या दगडाला माझ्या अंगाएवढी खाच पडली. मी झिजलो की तातेराव नवा पेड भरत.

मग तातेराव गेले. पुढे नदीवर धरण झाले आणि वस्तीसकट विहीर तलावाखाली गेली. शहात्तर साली नव्या वसाहतीत नवी विहीर बांधून झाली. तिचे पाणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी चांगुणाबाईंनी हट्ट धरला, की तिच्यात पहिली घागर तातेरावांच्या विहिरीच्या पाण्याची पडावी.

त्याच सकाळी आम्ही रखमाजी भोयांच्या होडीत बसलो. मी, दगड बांधलेला पोहरा, रिकामी घागर, चांगुणाबाई आणि त्यांचा मुलगा देवानंद. देवानंद शाळामास्तर. त्याने फळी घट्ट धरली होती.

"मास्तर, तुमी धरली म्हणून होडी तरंगून न्हाई राह्यली," रखमाजी म्हणाले. चांगुणाबाईसुद्धा हसल्या.

दिवसभर आम्ही काठाकाठाने फिरलो. विहिरीजवळची खुणेची चिंच केव्हाच तोडलेली होती. चांगुणाबाई टेकडीकडे पाहून अंदाज सांगत, देवानंद मला खाली सोडी, आणि पंधरा हातांवर चिखल लागे. दुपारी चांगुणाबाईंनी मला स्वतःच्या हातात मागितले. त्या तोल जाऊन पडतील या काळजीने देवानंदने मला दिले नाही.

उन्हे कलली तेव्हा मी पुन्हा खाली गेलो. पंधरा हात झाले, वीस झाले, तळ लागेना. तेवढ्यात माझे अंग एका दगडाला घासले आणि खाचेत बसले. ती माझीच खाच होती.

पोहरा वर आला. पाणी हाताला गार लागत होते.

"माय, हीच असंल का?" देवानंदने विचारले.

"हिरी तर सरकारनं बुजवल्यात," रखमाजी म्हणाले. "एवढं खोल म्हंजे वढ्याचा डोह. वता ते."

मित्रांनो, विहिरी बुजवणारी माणसे गावात आली होती. आमच्या वस्तीपर्यंत कोणी आलेच नव्हते. हे मी कसे सांगणार? देवानंदने पोहरा उलटा केला. ते पाणी तलावात मिसळले आणि होडी पुढे सरकली.

वारा सुटला, परतायची घाई झाली, तेव्हा रखमाजींनी माझ्या खाचेपासून दूर एका जागी वल्ही थांबवली. "ही बघा, मावशी. हीच तुमची हीर."

चांगुणाबाईंनी पाण्याकडे पाहिले नाही, रखमाजींच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बराबर हाय, बाबा. भर."

दुसऱ्या दिवशी त्या घागरीतले पाणी नव्या विहिरीत पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मला वाळत घालताना चांगुणाबाईंचा अंगठा एका ठिकाणी थांबला. माझ्या पेडात त्या दगडाचा पांढरा चुना रुतला होता. त्यांनी तो बोटांवर चोळला, नाकाशी नेला आणि उरलेला तसाच पेडात राहू दिला. देवानंदला त्यांनी काहीच सांगितले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण त्यांची ओळख ज्या हातांना आहे, त्या हातांत त्या एकदा तरी द्या. आम्हाला दुसरी भाषा नाही.

तो चुना अजून माझ्या अंगात आहे. घर झाडताना चांगुणाबाई सगळ्यावरची धूळ झटकतात. मला मात्र झटकत नाहीत.