खड्डा धाकट्याचा, पेडल थोरल्याचं

चंगनाशेरीच्या त्या गॅरेजची दोघा भावांत वाटणी झाली, तेव्हा जमिनीच्या वरचं सगळं थोरल्या ऑसेपला गेलं आणि गाडीखालचा खड्डा धाकट्या कुरियनला. शटर कोणाचं, हा दावा अजून चालूच, त्यामुळे ते कधी बंद होत नाही. हरताळाच्या दिवशी गावात उघडं असलेलं तेवढं एकच गॅरेज.

नेमका त्याच दिवशी माझ्या टॅक्सीचा क्लच बसला. पेडल दाबलं की खालीच राहायचं. मागे माझी मुलगी जिन्सी. नर्सची नोकरी लागलेली, दुपारी मस्कतचं विमान. दुसरी गाडी निघणार नव्हती.

ऑसेपनं वरचा सिलिंडर बदलला, कुरियननं खालचा. कामात दोघंही वाघ. आता क्लचच्या नळीत तेल भरून आतली हवा तेवढी काढायची. वरच्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं स्क्रू ढिला करून हवा सोडायची, स्क्रू आवळला की मगच पाय उचलायचा. पण भाऊ वाटणीपासून एकमेकांशी बोललेच नव्हते.

"त्याला सांगा, दाब," खड्ड्यातून आवाज आला.

"चेट्टा, दाबा," मी ऑसेपला दादा म्हणून विनवलं.

"कोण म्हणतंय?"

"तुमचा भाऊ."

"मला भाऊ नाही."

"बरं, खड्डा म्हणतोय!"

"मग दाबतो."

"धरून ठेवा" हा खालचा निरोप मी वर पोचवेपर्यंत ऑसेपनं पाय उचललेला. गेलेली हवा पुन्हा आत. चारदा हेच.

"मीच बसतो पेडलवर," मी ऑसेपला म्हणालो.

"जमिनीच्या वर दुसऱ्याचा पाय लागला की माझा हक्क गेला. वकिलानं बजावलंय."

जिन्सी रडकुंडीला आली. "अंकल, भांडा हवं तर, पण एकमेकांशी बोला!"

ऑसेप खाली वाकून ओरडला, "माकडा, आवळलास का?"

"तू पाय काढलासच का? अप्पा आजारी पडले तेव्हाही असाच पाय काढून पळालास!"

"पळालो? औषधाला कोण धावत होतं रे?"

मग आजारपण निघालं, बहिणीचं लग्न निघालं, रबराची झाडं निघाली. शेवटी ऑसेप हुंदके देत खड्ड्यात उतरला, धाकट्याच्या गळ्यात पडला. त्या मिठीत क्लचच्या तेलाचा डबा लवंडला. हरताळात गावात मिळण्यासारखं तेवढंच तेल.

विमान गेलं. मस्कतची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

रविवारी चर्चमध्ये फादरनी दोन भावांना जोडणारा म्हणून माझं नाव घेतलं. सगळे वळून माझ्याकडे बघून हसले. जिन्सी तेवढी वळली नाही.